एकट्याने रॉड उचलताय? आधी सुटकेची वाट ठरवा

नेरळहून पहाटेची लोकल पकडणारी आपली मुलं रात्री घरी परततात. तेव्हा जिममध्ये जोडीदार मिळतोच असं नाही. मग ती एकटीच रॉडखाली जातात.

२०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात रौप्यपदक जिंकलं, पण १३९ किलो उचलताना त्याच्या कोपराला दुखापत झाली. मदतीला माणसं असलेल्या मंचावर हे होतं, तर एकट्याने किती जपायला हवं!

सर्वात मोठा धोका बेंच प्रेसचा. रॉड छातीवर किंवा गळ्यावर अडकतो. म्हणून रॅकच्या आडव्या दांड्या छातीपेक्षा थोड्या खाली, पण गळ्यापेक्षा उंच लावा. दांड्या नसतील तर प्लेटला क्लिप लावू नका. अडकलात तर रॉड कलवून प्लेट खाली सरकवता येतात. अंगठा रॉडभोवती हवाच. स्क्वॉटला पूर्ण खाली बसल्यावर रॉड जिथे येतो, त्याच्या जरा खाली दांड्या लावा. डेडलिफ्टमध्ये रॉड सोडून देता येतो, पण पाठ वाकली की सेट थांबवा.

मोठा रॉड मुळातच २० किलोचा असतो. सुरुवात रिकाम्या रॉडने करा. सगळे सेट नीट जमले तरच अडीच किलो वाढवा. आणखी दोन वेळा उचलता येईल असं वाटतं, तिथेच थांबा. स्नायू तरीही वाढतात. फोन हाताशी ठेवा, घरी सांगून जा. पालकांनीही मुलांना एवढं विचारावं: "रॉड अडकला तर बाहेर कसा येशील?"