हंगामाआधी खेळाडूचं मोजमाप

कोकणात कबड्डीचा हंगाम पावसाच्या हिशेबानं चालतो. बुवा साळवींच्या जन्मदिनी, १५ जुलैला, राज्यभर कबड्डी दिन साजरा होतो. पण त्या सुमारास मालगुंड, गणपतीपुळे, जयगड या पट्ट्यातले कितीतरी खेळाडू लावणीच्या चिखलात उभे असतात. गणपती होतात, हळवं भात कापून घरात येतं आणि मग मंडळांचे सराव सुरू होतात. दिवाळीनंतर प्रकाशझोतातल्या स्पर्धा लागतात, त्या मे महिन्यापर्यंत थांबत नाहीत. मधल्या तीन-चार महिन्यांत कुणी शेतात राबलेलं असतं, कुणी मुंबईत नोकरीला बसून राहिलेलं असतं, तर कुणी जुनं दुखणं अंगावर काढलेलं असतं. विचारलं तर प्रत्येक जण सांगतो, ‘पळत होतो ना सर!’ खरं काय ते अंगाकडूनच काढून घ्यावं लागतं.

हे काम सगळ्यांत चिकाटीनं कोण करत असेल तर ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे क्लब. आपल्या फुटबॉलशी या खेळाचं नाव सोडलं तर फारसं काही जुळत नाही. लंबगोल मैदान, एका बाजूला १८ खेळाडू, सामन्याचे चार भाग. खेळाडू एका सामन्यात सहज १२-१३ किलोमीटर धावतो आणि त्यात उड्या, धडका, पाडापाडी आलीच. तिथला हंगाम मार्चमध्ये सुरू होतो. त्याआधी साधारण नोव्हेंबरपासून क्लबची तयारी चालते आणि पहिल्या दिवसांतच चाचण्या घेतात. धावणं, अंगाला अंग भिडणं आणि झटक्यात वळणं हे तिन्ही एकत्र मागणारा आपल्याकडचा खेळ म्हणजे कबड्डी. शिवाय त्यांच्या निम्म्या चाचण्यांना यंत्र लागत नाही. शाळेचा व्हरांडा, एक बाक, मोजपट्टी आणि मोबाइल एवढ्यावर त्या मालगुंडातही होतात. म्हणून त्या नीट समजून घ्यायला हव्यात.

यो-यो चाचणी आपल्याकडे क्रिकेटमुळे माहीत झाली. २०१७ मध्ये युवराज सिंग आणि सुरेश रैना तीत अडकले, २०१८ मध्ये अफगाणिस्तानविरुद्धच्या कसोटीतून मोहम्मद शमीला बाहेर राहावं लागलं आणि १६.१ हा आकडा वर्तमानपत्रांतून घरोघरी गेला. ही चाचणी डेन्मार्कच्या येन्स बांग्सबो यांनी बसवलेली आहे. २० मीटर अंतरावर दोन रेषा आखायच्या. ध्वनिफितीच्या बीपबरोबर निघायचं, पुढच्या बीपला समोरच्या रेषेवर वळायचं, तिसऱ्या बीपला परत यायचं. असे ४० मीटर झाले की १० सेकंद विश्रांती. सुरुवातीचा वेग ताशी १० किलोमीटर असतो, त्यामुळे ४० मीटरला १४.४ सेकंद मिळतात. सोळाव्या पातळीवर वेग १५.५ किलोमीटर होतो आणि हातात ९.३ सेकंदच उरतात. बीपच्या आत रेषा गाठता आली नाही तर एकदा ताकीद, दुसऱ्यांदा बाद. १६.१ म्हणजे ४० मीटरच्या २८ खेपा, एकूण १,१२० मीटर. हे अंतर ०.००८४ ने गुणून त्यात ३६.४ मिळवले की शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं याचा अंदाज येतो. इथे तो सुमारे ४५.८ येतो, म्हणजे किलो वजनामागे मिनिटाला तेवढे मिलिलिटर.

पण ही चाचणी फक्त छातीतला दम मोजते असं समजू नये. त्या १० सेकंदांत श्वास किती खाली येतो, हे ती मोजते. कबड्डीत चढाई ३० सेकंदांची, डाव २० मिनिटांचे. मध्यरेषेपासून बोनस रेषा पावणेपाच मीटरवर, म्हणजे पळायचं अंतर थोडकंच. त्यामुळे यो-योचा आकडा चांगला आला म्हणून चढाई चांगली होईल असं काही नाही. दुसऱ्या डावाच्या शेवटच्या पाच मिनिटांत साखळीतला हात सुटणार का, हे मात्र त्यावरून बरंचसं कळतं. आणि आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे ते खेळाडू कसा थांबला हे बघणं. एकाचा श्वास संपतो. दुसऱ्याला दम असतो, पण प्रत्येक वळणावर तो एक जास्तीचं पाऊल टाकतो, कारण उजव्या पायावर भार द्यायला तो बिचकतो. दोघांचा आकडा सारखा येईल, पण दोघांना द्यायचा सराव अगदी वेगळा. म्हणून आकडा लिहिणाऱ्याशिवाय आणखी एक माणूस फक्त पायांकडे बघायला ठेवावा.

दोन किलोमीटरची धाव ऑस्ट्रेलियातही घेतात. २०२१ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळानंही ती आणली, वेगवान गोलंदाजांना ८ मिनिटं १५ सेकंद आणि इतरांना ८ मिनिटं ३० सेकंद अशी मर्यादा घालून. मालगुंडात हे म्हटलं की लगेच पुळणीचा विचार येतो. ओहोटीला पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते, पळायला मजा येते. तरी चाचणी तिथे घेऊ नये. भरती-ओहोटीप्रमाणे वाळूचा घट्टपणा रोज बदलतो, आणि किनारा समुद्राकडे उतरता असल्यामुळे एक पाय सतत वरच्या अंगाला पडतो. आज निघालेली वेळ आणि दीड महिन्यानं निघालेली वेळ मग एकमेकींशी ताडून बघता येत नाही. सराव खुशाल पुळणीवर करावा. चाचणीला शाळेचं मैदान किंवा मोजलेला रस्ता, आणि दोन्ही वेळा तोच.

वेगाबद्दल थोडक्यात. हातातल्या स्टॉपवॉचला अंगठ्याची एक-दोन दशांश सेकंदांची चूक धरावीच लागते, आणि १० मीटरच्या धावेत दोन खेळाडूंमधला फरकही जवळपास तेवढाच असतो. त्यापेक्षा मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांचा व्हिडिओ घ्यावा आणि मागचा पाय सुटल्यापासून छाती रेषेवर येईपर्यंतची चित्रं मोजावीत. एक चित्र म्हणजे सुमारे चार हजारांश सेकंद.

एका धावेपेक्षा सलग धावा जास्त बोलतात. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये दर २० सेकंदांनी ३० मीटर, अशा सहा धावा घेतात. समजा, पहिल्या खेळाडूच्या वेळा ४.५, ४.६, ४.७, ४.८, ४.९ आणि ५.० सेकंद आल्या. बेरीज २८.५. सहाही धावा त्याच्या सर्वोत्तम वेगानं झाल्या असत्या तर २७ लागले असते. म्हणजे घसरण ५.६ टक्के. दुसऱ्याच्या पहिल्या तीन ४.८ आणि पुढच्या तीन ४.९ आल्या. बेरीज २९.१, घसरण जेमतेम एक टक्का. पहिला वेगवान आहे पण लवकर रिकामा होतो, दुसरा मध्यम वेगाचा पण टिकाऊ. संघाला दोघेही लागतात. फक्त पहिल्याला लागोपाठ चार चढायांना पाठवू नये, एवढं इथे कळतं. कबड्डीसाठी ३० मीटर फार झाले, १० मीटर जाऊन परत येणं पुरे, गणित तेच. कुणी पहिली धाव मुद्दाम हळू घेतली तर घसरण छान दिसते, म्हणून आधी एकच सुटी धाव घेऊन ती वेळ बाजूला लिहून ठेवावी.

आता ज्या चाचण्यांसाठी मी हे सगळं लिहितो आहे त्यांच्याकडे येतो. ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग १९९२ पासून दरवर्षी दुखापतींची नोंद ठेवते. त्या नोंदीत वर्षानुवर्षं वरच्या जागी आहे ती मांडीच्या मागच्या स्नायूची दुखापत, खेळाडूंच्या भाषेत हॅमस्ट्रिंग. २०१५ मध्ये डेव्हिड ओपार आणि सहकाऱ्यांनी तिथल्या व्यावसायिक खेळाडूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. गुडघ्यांवर बसायचं, घोटे पट्ट्यांत अडकवायचे आणि धड सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचं. मांडीचा मागचा स्नायू लांबत असताना किती ताण धरतो ते यंत्र मोजतं. तयारीच्या सुरुवातीला ज्यांची ताकद २५६ न्यूटनपेक्षा कमी होती, म्हणजे अंदाजे २६ किलो वजन पेलण्याइतकीही नव्हती, त्यांना त्या हंगामात हॅमस्ट्रिंगच्या दुखापतीचा धोका २.७ पट निघाला.

कबड्डीतला तो क्षण डोळ्यांसमोर आणा. कोपरारक्षकानं चढाईपटूचा घोटा धरला आहे. चढाईपटू पोटावर पडलाय, हात मध्यरेषेकडे ताणलाय, आणि पकडलेला पाय मागे ओढला जात असताना तो सगळ्या ताकदीनं त्याला पुढे खेचतोय. स्नायू लांबतोय आणि त्याच वेळी जोर लावतोय. तो फाटतो तो अशाच ओढाताणीत. म्हणून ही चाचणी आपल्याला फुटबॉलवाल्यांइतकीच लागू आहे.

ते यंत्र आपल्याकडे नाही, पण बाक आहे. ऑस्ट्रेलियातल्याच फ्रेकल्टन, कुक आणि पिझ्झारी यांनी २०१४ मध्ये हौशी आणि निमव्यावसायिक फुटबॉलपटूंवर एका पायाच्या पुलाची चाचणी करून पाहिली. उताणं झोपायचं. एक टाच ६० सेंटीमीटर उंचीच्या बाकावर, गुडघा किंचित वाकलेला. दुसरी मांडी सरळ वर धरून ठेवायची, हात छातीवर. टाच दाबून कंबर उचलायची, मांडी आणि धड एका रेषेत येईपर्यंत. मग खाली आणून जमिनीला नुसती टेकवायची आणि पुन्हा वर. कंबर पुरती वर येईनाशी झाली की एक ताकीद, नंतर थांबायचं. २० पेक्षा कमी म्हणजे कमकुवत, २५ साधारण, ३० च्या पुढे चांगलं. ज्यांचा उजवा पाय पुढे हंगामात दुखावला, त्यांच्या उजव्या पायाचा आकडा हंगामाआधीच कमी आलेला होता. मुलं-मुली, सगळ्यांची ही चाचणी घेता येते आणि एकाला पाच मिनिटंही लागत नाहीत. शेतात राबून आलेल्या, दिसायला दणकट खेळाडूचा एक पाय १४ वर थांबलेला दिसतो तेव्हा त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नाही.

जांघेसाठी रक्तदाब मोजायचा पट्टा पुरतो. थोडी हवा भरून तो दोन गुडघ्यांमध्ये धरायचा आणि जोरानं दाबायचं. काटा कुठवर जातो ते लिहायचं. दुखू लागण्याच्या आधीच हा जोर घटतो, असं तिथल्या तरुण खेळाडूंमध्ये २०१० साली दिसून आलं होतं. पायानं लाथ मारून गुण घेणाऱ्या चढाईपटूची ही नोंद दर आठवड्याला ठेवावी.

चाचण्यांना जे दिसत नाही तेही बरंच आहे. समोरच्याचा तोल कधी सुटेल हे ओळखणं, पकडीची वेळ साधणं, साखळीतल्या जोडीदाराचा हात न बघता जाणणं, यातलं काहीच आकड्यात येत नाही. म्हणून एका ठरावीक आकड्याखाली आला की संघाबाहेर, हा नियम मंडळांनी उचलू नये असं मला मनापासून वाटतं. राष्ट्रीय संघाच्या दाराशी शंभर खेळाडू उभे असतात. गावच्या मंडळाकडे मोजून दहा-बारा. त्यांना गाळायचं नाही, हंगामभर उभं ठेवायचं आहे. आकडा ताडून बघायचा तो त्याच खेळाडूच्या आधीच्या आकड्याशी. वजनाचंही तसंच. ज्येष्ठ गटातल्या पुरुषांना ८५ किलोची मर्यादा आहे. चाचणीच्या दिवशी ८९ भरलं तर हातात दोन महिने असतात. हेच स्पर्धेच्या आठवड्यात कळलं तर पोरगं पाणी तोडून वजन उतरवतं आणि मॅटवर पायात गोळे येतात.

वहीत प्रत्येकाला एक पान द्यावं: वजन, यो-योचं अंतर, सहा धावांची घसरण, दोन्ही पायांचे पूल, गुडघ्यांचा दाब, आणि शेवटी बघणाऱ्याची एक ओळ. पहिल्या दिवशी ज्याचा पूल २० च्या खाली आला किंवा दोन पायांत पाचाहून जास्त फरक निघाला, त्याला सुरुवातीचे आठवडे घोटापकडीच्या सरावात चढाईपटू म्हणून उभं करू नये. त्याऐवजी आठवड्यातून दोनदा जोडीदारानं घोटे धरायचे आणि त्यानं गुडघ्यांवरून सावकाश पुढे झुकायचं. सुरुवातीला चार-पाच वेळा, मग हळूहळू वाढवत. सहा आठवड्यांनी त्याच बाकावर, त्याच वेळी पुन्हा मोजावं. दम त्याआधीच बराच परत आलेला असतो, पण या स्नायूला वेळ लागतो. जिल्हा निवड चाचणी दिवाळीच्या आसपास असेल, तर पहिलं मोजमाप गणपती विसर्जनाच्या आठवड्यातच व्हायला हवं.