भिंत न फोडता माडीवर इंटरनेट

मैत्रिणींनो, रामटेकला अंबाळ्याकडे आमचं जुनं घर. भिंती चांगल्या हातभर जाड! राउटर खाली बैठकीत, लेकीचा कॉम्प्युटर माडीवर. वाय-फाय तिथवर पोचेना. मामाजींनी बजावलं, "बाबांनी बांधलेल्या भिंतीला भोक पाडायचं नाही." इकडे लेकीचा अभ्यास अडलेला. करावं काय?

उपाय भिंतीतच निघाला : विजेच्या तारा! पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी मिळते. एक राउटरजवळ सॉकेटमध्ये खोचून छोट्या वायरने राउटरला जोडायचा. दुसरा माडीवर, तसाच कॉम्प्युटरला. दोन्हींची जोडणीची बटणं दाबली की झालं. मात्र अडॅप्टर एक्स्टेंशन बोर्डात नको, थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. माडीचं मीटर वेगळं असेल, तर बहुधा जमणार नाही. जुन्या वायरिंगवर वेग थोडा कमी मिळतो.

पण लेकीचा अभ्यास सुरू झाला, अन् मामाजींची भिंतही शाबूत!