ढोलाचं माप कुठून घ्यायचं?

माघ वद्य सप्तमीला, गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला, शेगावात गावोगावच्या भजनी दिंड्या येतात. अटी पूर्ण करणाऱ्या नव्या दिंड्यांना संस्थानाकडून भजनी साहित्य मिळते. त्याच्या याद्या वर्तमानपत्रांत येतात, त्यांत टाळ जोडीने मोजलेले असतात आणि वीणा-मृदंग नगाने. वाटपाच्या यादीला एवढे पुरते. पण एखादे मंडळ वर्गणी काढून स्वतः मृदंग किंवा ढोल घ्यायला निघाले की दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, ‘किती इंची?’ उत्तरही तयार असते, एका आकड्याचे. चर्मवाद्याचा आकार असा एकाच आकड्यात सांगण्याची ही सवय अपुरी आहे, आणि त्या अपुरेपणाचे पैसे गिऱ्हाईक भरतो.

मुळात तो आकडा प्रत्येक वाद्यात वेगळ्याच गोष्टीचा असतो. मिरवणुकीतला ढोल चोवीस इंची म्हटला की तो तोंडाचा व्यास झाला. पिंप किती खोल आहे, हे त्यात येत नाही. तबलाही तोंडाच्या इंचांवर मिळतो, पण वाजवणारा तो मागतो पट्टीने: काळी एकचा, काळी दोनचा, पांढरी चारचा. डग्ग्याची गंमत आणखी निराळी. तो तांब्या-पितळेचा असल्यामुळे किलोवर सांगितला जातो, म्हणजे आकाराच्या प्रश्नाला वजनाचे उत्तर. मृदंगाला दोन तोंडे, दोन्ही वेगळ्या मापांची. त्यामुळे कोणी खोडाची लांबी सांगतो, कोणी शाईच्या तोंडाचा व्यास. गोंधळ्याच्या संबळाला तर कोणी टेप लावल्याचे ऐकिवात नाही. ते हाताने आणि कानानेच पारखले जाते. आणि पाश्चात्त्य ड्रमसेट, ज्यात व्यास आणि खोली असे दोन्ही आकडे देण्याचा शहाणपणा आहे, तिथेही काही कंपन्या व्यास आधी लिहितात, काही खोली. १६×१८ वाचून ड्रमचे तोंड सोळाचे की अठराचे, हे कंपनीची रीत माहीत असल्याशिवाय कळत नाही.

तोंडाच्या व्यासालाच एवढा मान का, याला कारण आहे. ताण आणि चामडे तेच ठेवून व्यास दुप्पट केला तर मूळ कंपनसंख्या निम्मी होते, म्हणजे स्वर एक सप्तक खाली येतो. उलट, तोंड तेवढेच ठेवून तोच स्वर एक सप्तक वर न्यायचा तर ताण चौपट करावा लागतो. चौपट ताण कुठली वादी सोसणार? साडेपाच इंची तबल्याऐवजी सहा इंची घेतला आणि बाकी सगळे तसेच ठेवले, तर स्वर जवळजवळ दीड पट्टी उतरतो. आता माप कुठून घेतले ते पाहा. एकाने टेप लाकडाच्या काठाबाहेरून लावला, दुसऱ्याने गजऱ्याच्या आतून, तर अर्ध्या इंचाचा फरक तिथेच पडतो. दोघेही खरे बोलतात आणि तबला मात्र पेटीशी जुळत नाही. मग हातोडीने गठ्ठे ठोकून तो वर ओढायचा. पट्टीभर ओढला तर निभावते; त्यापुढे आवाज कोंदट होतो, नाहीतर पुडी फाटते.

शिवाय पुडी म्हणजे कोरे चामडे नव्हे. साध्या, एकसारख्या ताणलेल्या पडद्यातून निघणारे वरचे स्वर मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३० पट असे वेडेवाकडे असतात. म्हणून डफड्यातून ठोका ऐकू येतो, पण ठाम स्वर हाती लागत नाही. मधोमध शाई चढवली की हे स्वर दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सुरेल ओळीत येऊन बसतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासोबत आणि पुढे १९३४ मध्ये एकट्याने सविस्तर हे दाखवून दिले. म्हणजे तबला-मृदंगाच्या बाबतीत शाई किती रुंद आणि किती जाड, हेही त्याच्या मापाचाच भाग आहे. इंचात एकसारख्या दोन पुड्या शाईमुळे वेगवेगळ्या पट्टीला बसू शकतात. मृदंगाच्या धुम्यावर, म्हणजे बिनशाईच्या तोंडावर, ऐनवेळी कणीक लावतात, ती याच भाराची रोजची, काढता-घालता येणारी आवृत्ती.

आपल्या जुन्या शास्त्रकारांना एका आकड्यावर भागत नाही हे ठाऊक होते. नाट्यशास्त्रात मृदंगाच्या तीन प्रकारांची मापे दिली आहेत. लांबी ‘ताल’ या मापात, तोंड अंगुळांत, आणि त्यावर आकाराचा दाखला: एक हिरड्यासारखा, एक जवासारखा, एक गायीच्या शेपटीसारखा निमुळता. हिरडा म्हटला की मध्ये फुगीर आणि दोन्हीकडे बारीक हे डोळ्यांपुढे येते, ते कुठल्याही इंचाने येत नाही. बुलढाण्याच्या वाचकाला हे पटवायला दूर जायला नको. लोणारच्या विवराची ओळख कोणीही करून देताना व्यास सुमारे १.८ किलोमीटर सांगतो आणि लगेच खोली सुमारे दीडशे मीटर. नुसत्या व्यासावर ते विवर आहे की पठार, हेही कळले नसते. ढोलाचे पिंप मात्र आपण नुसत्या तोंडावर विकत घेतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. इंच हे टेपने तपासता येतात. स्वर हवेवर, उन्हावर, हातावर बदलतो, मग खरेदीच्या पावतीवर स्वर कसा लिहिणार? पोळ्याला डफडे शेकोटीवर धरतात तेव्हा इंच एकही हलत नाही आणि आवाज चढतो, हे खरेच आहे. पण या दाखल्यातून उलटेच निघते. इंच स्थिर आहेत म्हणूनच आवाजाबद्दल ते कमी सांगतात. तबला-मृदंगाचा स्वर बदलतो तोही मर्यादेतच, खाली-वर एखाददुसरी पट्टी. तेव्हा ‘काळी एक ते काळी दोन’ असा पट्टा लिहून देणे अवघड नाही, आणि जाणते कारागीर तोंडी सांगतातही.

दुसरा आक्षेप ढोलवाल्यांचा. आम्हाला कुठे पेटीशी जुळवायचे आहे, इंच पुरे. तुटक ठोक्याच्या वाद्याला स्वराची सक्ती नाही, हे मान्य. पण मिरवणुकीचा ढोल कमरेला बांधून तासन्‌तास चालायचे असते. तोंड एक असूनही पिंप खोल आणि पत्रा जाड असला तर त्याचे वजन वेगळे आणि आतल्या हवेमुळे घुमही वेगळी, कारण हवेतूनच एका पानाचा हादरा दुसऱ्या पानाला पोचतो. फायबरचे पान आणि चामड्याचे पान यांचा आवाजही एक नव्हे. पथकात पंचवीस ढोल एकदम घ्यायचे असतील तर इंच सारखे आणि खोली निरनिराळी असा माल आवाजात एकजीव होत नाही. जाता जाता एक गोष्ट: देशात मेट्रिक मापे १९५८ पासून लागू होऊ लागली, तरी चर्मवाद्यांचा बाजार आजही इंचांवरच चालतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. इंच असोत की सेंटिमीटर, कुठून कुठे मोजले ते सांगा म्हणजे झाले.

तेव्हा मंडळाने मृदंग सांगताना कागदावर एवढे लिहून द्यावे: शाईच्या तोंडाचा आणि धुम्याचा व्यास, दोन्ही काठाच्या आतून, खोडाची लांबी आणि लाकूड, वजन, आणि भजनी ज्या पट्टीत गातात ती पट्टी. ढोल असेल तर व्यास, पिंपाची खोली, वजन आणि पान कशाचे. पट्टी नक्की माहीत नसेल तर पेटीवाल्याला सोबत न्या आणि त्याने सूर धरल्यावर वाद्य ठोकून पाहा. आगाऊ रक्कम त्यानंतरच द्या.