मेबल रिंगलिंग यांचा हिवाळी महाल

फ्लोरिडातल्या सॅरासोटा शहरात, खाडीच्या अगदी काठाला, व्हेनिसच्या राजवाड्यांच्या थाटाचा एक महाल उभा आहे. नाव का द'झान. सर्कससम्राट जॉन रिंगलिंग आणि त्यांच्या पत्नी मेबल यांनी तो फक्त हिवाळ्यात राहायला बांधला. वास्तुविशारद ड्वाइट जेम्स बॉम. १९२४ मध्ये सुरू झालेले काम १९२६ मध्ये संपले. खोल्या ५६, खर्च त्या काळचे १५ लाख डॉलर.

पैसा सर्कशीचा असला, तरी घर मेबल यांच्या कल्पनेतून साकारले आहे. व्हेनिसमध्ये पाहिलेल्या इमारतींची पोस्टकार्डे, छायाचित्रे, रेखाटने त्यांनी हौसेने जमवली होती. तो सगळा ऐवज त्यांनी बॉम यांच्यापुढे मांडला. छपरावरची जुनी कौले तर थेट बार्सिलोनाहून जहाजाने आली!

आत गेल्यावर मान वर करूनच फिरावे लागते. नाचघराच्या छतावर विली पोगनी यांनी देशोदेशीची नाचणारी जोडपी रंगवली आहेत. खेळाच्या खोलीचे छतही त्यांचेच. तिथे व्हेनिसच्या कार्निव्हलच्या पोशाखात स्वतः जॉन आणि मेबल दिसतात, सोबत त्यांची पाळीव जनावरे. जॉन यांच्या न्हाणीघरातला टब पिवळ्या सिएना संगमरवराचा आहे. एवढ्या श्रीमंतीतही सर्वांत जिवंत वाटते ते छतावरचे जॉन आणि मेबल यांचे जोडपे.

या घराचे सुख मेबल यांना जेमतेम तीन हिवाळे लाभले. जून १९२९ मध्ये त्या गेल्या. त्याच वर्षी जॉन यांनी कर्ज काढून प्रतिस्पर्धी सर्कस कंपनी विकत घेतली आणि पाठोपाठ शेअर बाजार कोसळला. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा बँकेत उरले होते ३११ डॉलर. पण देणेकऱ्यांचा तगादा लागलेला असतानाही त्यांनी हौसेने जमवलेला आपला चित्रसंग्रह विकून मोडला नाही. चित्रकार रुबेन्सच्या भव्य चित्रांसह त्या संग्रहासाठी शेजारीच बांधलेले संग्रहालय आणि हा महाल त्यांनी फ्लोरिडा राज्याच्या नावे केला. कोर्टकज्जे मिटून राज्याला ताबा मिळायला १९४६ उजाडले. संपत्ती हातची जात असताना दाखवलेली ही दानत महालाच्या थाटापेक्षा कितीतरी मोठी आहे.

पुढे खाऱ्या वाऱ्याने घराची रया गेली. १९९८ च्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ चित्रपटात एका उजाड वाड्यासाठी हीच जागा वापरली गेली! मग मोठी डागडुजी झाली आणि २००२ मध्ये महाल पुन्हा खुला झाला.

बागेत मेबल यांनी महालाच्याही आधी, १९१३ मध्ये लावलेली गुलाबवाटिका आहे. त्याहून जास्त मराठी पाहुणा थबकतो तो वडांपाशी. पारंब्या जमिनीत रुजून खोडे झाली आहेत, आणि घरापासून हजारो मैलांवर ओळखीचे झाड भेटते. सोमवारी कलासंग्रहालयात आणि बागेत विनामूल्य प्रवेश असतो; महाल आतून पाहायचा तर मात्र वेगळे तिकीट काढावे लागते.