आर्ची दहावीला बसली तेव्हा

निमगाव केतकीचा मुक्काम हलला की तुकोबांची पालखी इंदापूर गाठते, तिथून सराटीला जाते, नीरास्नान उरकते आणि पुणे जिल्हा सोडून अकलूजला पोचते. विड्याच्या पानांसाठी ओळखल्या जाणाऱ्या निमगावातून मोटरसायकलवर निघालं तर अकलूज तासाभराचं. दुसऱ्या अंगाला उजनीचं पाणी पसरलेलं आणि पाण्यापलीकडे करमाळा तालुका; त्यात जेऊर, त्यातच कुंकवाचं गाव म्हणून नाव असलेलं केम. या एवढ्या टापूतल्या दोन मुलांची दखल दोन वर्षांच्या अंतराने राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांनी घेतली. केमचा सोमनाथ अवघडे आणि अकलूजची रिंकू राजगुरू. दोघांनाही कॅमेऱ्यापुढे आणलं जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी.

रिंकूचं शाळेतलं नाव प्रेरणा. जन्म ३ जून २००१, आईवडील दोघेही शिक्षक, शाळा अकलूजची जिजामाता कन्या प्रशाला. ‘सैराट’साठी तिची निवड झाली तेव्हा ती सातवीत होती. अभिनयाचा वर्ग नाही, शिबिर नाही, घरात कुणाचं नाटकाशी नातं नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला, मार्चअखेरीस ६३ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तिच्या नावाचा विशेष उल्लेख जाहीर झाला आणि २९ एप्रिलला ‘सैराट’ थिएटरांत लागला. म्हणजे दिल्लीने कौतुक केलं त्या दिवशी अकलूजच्या बाजारात तिला ओळखणारे फक्त शेजारीपाजारी आणि नातेवाईक. महिन्याभरात सगळं पालटलं. शंभर कोटींवर धंदा करणारा पहिला मराठी चित्रपट, अशी त्याची नोंद झाली आणि बुलेट उडवणारी, ट्रॅक्टर हाकणारी तिची आर्ची घरोघर पोचली. ही आर्ची अजून पंधरा वर्षांचीही झालेली नव्हती.

इथवरची कथा सगळ्यांना पाठ आहे. खरी गंमत, आणि खरी गोची, त्यानंतरची.

सुट्टी संपली, शाळा उघडली आणि दहावीचं वर्ष सुरू झालं. पण चाहत्यांच्या गर्दीमुळे रोज शाळेत जाऊन बाकावर बसणं अवघड होऊन बसलं. शेवटी तिने १७ नंबरचा फॉर्म भरला. शाळा सुटलेले, कामाला लागलेले, लग्न होऊन गेलेल्या मुली, असे सगळे ज्या वाटेने बाहेरून परीक्षा देतात, त्याच वाटेने राज्यातली सर्वांत लोकप्रिय नटी दहावीला बसली. मार्च २०१७ मध्ये तिची परीक्षा होती आणि त्याच महिन्याच्या शेवटी ‘सैराट’चा कन्नड अवतार ‘मनसु मल्लिगे’ प्रदर्शित झाला. त्यातही नायिका तीच. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा तिला ६६.४० टक्के मिळाल्याची बातमी वृत्तवाहिन्यांनी दिवसभर चालवली. हा आकडा इथे पुन्हा लिहितानाही ओशाळल्यासारखं होतं. सोळा वर्षांच्या मुलीचे गुण ही चव्हाट्यावर मोजायची गोष्ट नव्हे. पण त्या दिवशी राज्यातल्या कितीतरी घरांत, स्वतःच्या पोराचा निकाल बघून झाल्यावर, आर्चीला किती पडले याची चर्चा झाली, हेही खरंच आहे.

बारावीला केंद्र होतं टेंभुर्णीला, म्हणजे इंदापूरहून सोलापूरच्या हमरस्त्याला लागलं की भीमेपलीकडे. गर्दी होईल म्हणून परीक्षेला पोलीस बंदोबस्त. मकरंद माने यांचा ‘कागर’ हा तिचा ‘सैराट’नंतरचा पहिला मराठी चित्रपट. तो फेब्रुवारी २०१९ मध्ये यायचा होता. तिच्या परीक्षेमुळे पुढे ढकलला गेला आणि २६ एप्रिलला लागला. नटीच्या बोर्डाच्या पेपरांसाठी निर्मात्याने तारीख बदलावी, असं आपल्याकडे फारसं घडत नाही. कला शाखेच्या त्या परीक्षेत तिला ८२ टक्के मिळाले. दहावी ते बारावी या दोन वर्षांत तिने भूमिकांचा ढीग लावला नाही आणि शिक्षणही सोडलं नाही. आईवडील शिक्षक असण्याचा हा परिणाम असावा, असं वाटतं.

पुढचा प्रवास सरळ रेषेतला नाही. २०२० मध्ये ‘मेकअप’, त्याच वर्षी लारा दत्ताबरोबर ‘हंड्रेड’ ही हिंदी वेब मालिका, २०२१ मध्ये नागपूरच्या सत्य घटनेवर बेतलेला ‘२०० हल्ला हो’. २०२२ मध्ये मंजुळे यांच्याच ‘झुंड’मध्ये पासपोर्टच्या कागदांसाठी वडिलांबरोबर हेलपाटे घालणारी आदिवासी मुलगी. ही भूमिका छोटी आहे आणि ‘सैराट’इतकीच बघण्यासारखी. आर्चीचा तोरा, आवाजातली धार, काहीच नाही. सरकारी कचेरीत कसं उभं राहावं हेही न कळणारी एक मुलगी तेवढी दिसते. मग २०२३ मध्ये ‘झिम्मा २’. ‘सैराट’च्या तोडीचं यश पुन्हा आलं नाही, पण ते दुसऱ्या कुणाच्याही वाट्याला सहजी आलेलं नाही. पंधराव्या वर्षी कळस गाठलेल्या माणसाला उरलेली कारकीर्द उतारावरच मोजायची का, हा प्रश्न तिला विचारण्याऐवजी बघणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा.

तिच्या बोलण्याचंही असंच. अकलूजच्या माळशिरस तालुक्यातली ती ठसठशीत बोली ‘सैराट’मध्ये डोक्यावर घेतली गेली. पण शहरी घरातल्या भूमिकेचा विषय निघाला की तीच बोली या धंद्यात अडचण म्हणून मोजली जाते. पुण्याच्या पेठेतला नट गावचा पाटील झाला तर ते अभिनयकौशल्य. अकलूजची मुलगी कोथरूडची झाली की कान टवकारले जातात. रिंकूने हिंदी मालिका आणि ‘झिम्मा २’सारखा शहरी गोतावळा दोन्ही करून दाखवले, याचं मोल म्हणूनच जास्त.

सोमनाथची गोष्ट याहून अवघड. मंजुळे यांचा ‘फँड्री’, ज्यात तो जब्या झाला, १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. त्याआधी मुंबईच्या महोत्सवात तो गाजला होता. ६१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत मंजुळे यांना पदार्पणाच्या दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला आणि सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा पुरस्कार सोमनाथला, ‘तंग मीनकल’ या तमिळ चित्रपटातल्या साधनाबरोबर विभागून. रजत कमळ आणि पन्नास हजार रुपये. सोमनाथ हलगी वाजवणारा मुलगा. सिनेमात जायचं त्याच्या मनातही नव्हतं. मंजुळे यांनी त्याला हेरलं.

‘फँड्री’तला एक प्रसंग आठवून पाहावा. डुकरामागे सगळं कुटुंब धावतंय, डुक्कर हाताशी आलंय आणि तेवढ्यात शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो. बाप थांबतो, आई थांबते. डुक्कर मात्र निघून जातं. जब्या इथे चेहऱ्याने काहीच करत नाही, आणि म्हणूनच तो प्रसंग लागतो. प्रशिक्षण घेतलेल्या मुलाने भुवई तरी उडवली असती. मंजुळे यांना हवं होतं ते हेच: अभिनय न येणं. किशोर कदम आणि छाया कदम यांच्यासारखी मुरलेली माणसं दोन्ही बाजूंना उभी करून मध्ये हा कोरा मुलगा ठेवायचा, ही त्या चित्रपटाची युक्ती होती आणि ती फळाला आली.

पण अभिनय न येणं हे भांडवल एका चित्रपटापुरतं पुरतं. दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी मुलाचा आवाज फुटलेला असतो, मिसरूड आलेलं असतं, कॅमेरा कुठे आहे हे त्याला कळलेलं असतं. आणि दुसरा चित्रपट मुळात येतो कुठे? केमला निर्मात्यांची कार्यालयं नाहीत, ऑडिशन होत नाहीत. मुंबईत जाऊन खोली करून राहायचं तर दरमहा पैसा लागतो. सिनेमा मुलाला शोधत गावात येतो, पुढची भूमिका गावात येत नाही. सोमनाथ पुढे २०२१ मध्ये ‘फ्री हिट दणका’मध्ये नायक म्हणून दिसला. मधली वर्षं बघता, पुरस्कार आणि पोटापाण्याचं काम यांतलं अंतर कळतं.

जुन्या बालकलाकारांची नावं आपण कौतुकाने घेतो तेव्हा हे अंतर विसरतो. भारतीय चित्रपटातला पहिला बालनट म्हणजे खुद्द दादासाहेब फाळक्यांचा मुलगा भालचंद्र, ‘राजा हरिश्चंद्र’मधला रोहिदास. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली त्यांची मुलगी मंदाकिनी. त्या चित्रपटाच्या सुरुवातीला ही चिमुरडी नुसत्या चेहऱ्याने भाव करून दाखवते आणि मग तिचा कृष्ण होतो. अजूनही बघण्यासारखा तो तुकडा आहे. दिग्दर्शक घरातच, स्टुडिओही जवळपास घरचाच.

सचिन पिळगांवकरांचे वडील शरद पिळगांवकर स्वतः निर्माते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला राजा परांजपे यांच्या ‘हा माझा मार्ग एकला’मधून पडद्यावर आलेला हा मुलगा हृषीकेश मुखर्जींच्या ‘मझली दीदी’त मीनाकुमारीसमोर उभा राहिला, ‘शोले’त इमामसाहेबांचा अहमद झाला आणि ‘गीत गाता चल’मध्ये नायक. महेश कोठारे यांनी ‘छोटा जवान’ केला, ‘राजा और रंक’मध्ये दुहेरी भूमिका केली, मोठेपणी वकिलीचं शिक्षण घेतलं आणि १९८५ मध्ये ‘धुमधडाका’ काढला. दोघांनी पुढे काय केलं? दिग्दर्शन. नट म्हणून कुणी बोलवील याची वाट बघायची नसेल तर स्वतः चित्रपट काढणं हा उत्तम तोडगा. पण त्यासाठी मुंबईत घर लागतं, ओळखी लागतात, पडलं तर सावरून घेणारं कुणी लागतं.

तिसरी वाटही आहे आणि ती मला जास्त ओढ लावते. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’मधला श्याम म्हणजे माधव वझे. वनमालाबाईंच्या समोर उभा राहून अख्ख्या महाराष्ट्राला रडवणारा हा मुलगा. १९५४ च्या पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. वझे पुढे सिनेमाच्या मागे धावले नाहीत. पुण्यात इंग्रजीचे प्राध्यापक झाले, नाट्यसमीक्षा लिहिली, नाटकं बसवली. ‘थ्री इडियट्स’मध्ये छोट्या भूमिकेत दिसले तेव्हा अनेकांना हा जुना श्याम आहे हे कळलंही नाही. मे २०२५ मध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हाही बातम्यांचा मथळा ‘श्याम’ हाच होता. आयुष्यभराचं शिकवणं आणि लिहिणं एका बाजूला, आणि चौदाव्या वर्षीचं काही दिवसांचं काम दुसऱ्या बाजूला! ‘श्वास’मधल्या लहानग्या परशुरामचं काम करून राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा अश्विन चितळेही असाच निराळ्या वाटेने फारसी भाषेकडे आणि रूमीच्या कवितेकडे वळला.

पैशाचं काय, हा प्रश्न आपल्याकडे उशिरा विचारला गेला. अमेरिकेत तो जॅकी कूगनने विचारायला लावला. १९२१ च्या ‘द किड’मध्ये चार्ली चॅप्लिनच्या बोटाला धरून चालणारा हा मुलगा लाखो डॉलर कमावून बसला, सज्ञान झाल्यावर हाती जवळपास काहीच नाही, कारण आई आणि सावत्र बापाने ते उडवले होते. १९३८ मध्ये तो कोर्टात गेला आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाने मुलांच्या कमाईचा काही भाग राखून ठेवण्याचा कायदा केला.

आपल्याकडे बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम आले. चौदा वर्षांखालच्या मुलाला चित्रपटात किंवा मालिकेत घ्यायचं तर निर्मात्याने शूटिंग असेल त्या जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्यांची परवानगी काढायची. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांहून जास्त तर नाहीच नाही. सलग सत्तावीस दिवसांवर काम घ्यायचं नाही. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस सेटवर हवा. मुलाची स्वतःची संमती हवी आणि शाळा बुडू नये याची सोय निर्मात्याने करायची. मुलाच्या कमाईतले किमान वीस टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावे मुदत ठेवीत टाकायचे, जे तो सज्ञान झाल्यावरच हाती येतील.

‘फँड्री’ आणि ‘सैराट’ दोन्ही या नियमांच्या आधीचे. आणि आर्ची प्रदर्शनाच्या वेळी चौदा ओलांडून गेलेली; त्या वयात काम करणाऱ्या मुलीला आजही या ठेवीच्या नियमाचं छत्र मिळत नाही. तालुक्याच्या गावी मोबाइल घेऊन मुलं निवडायला आलेल्या माणसाला परवानगीचा कागद दाखवा असं म्हणणारे पालक किती असतील, ठाऊक नाही. म्हणायला मात्र हवं.

मराठीत मुलांवर सिनेमे निघायचे थांबलेले नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ७१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत बालकलाकार म्हणून पाच मुलं निवडली गेली, त्यांतली चार मराठी चित्रपटांतली: ‘जिप्सी’चा कबीर खंदारे, आणि ‘नाळ २’ची त्रिशा ठोसर, भार्गव जगताप आणि श्रीनिवास पोकळे. यांतला अमरावतीचा श्रीनिवास याआधी २०१८ च्या ‘नाळ’साठी हाच पुरस्कार घेऊन आलेला. दोन्ही चित्रपटांत तो चैत्याच आहे, फक्त दुसऱ्यात मोठा झालेला. नवे नियम लागू झाल्यावर, २०१८ मध्ये दहा वर्षांच्या वयात ज्यांनी पहिला चित्रपट केला, ती मुलं २०२६ मध्ये अठराची होत आहेत. नियमाप्रमाणे झालं असेल तर त्यांच्या नावची ती ठेव आता मोडता येईल.