ब्रेमर, फ्रेद्रीका

(१७ ऑगस्ट १८०१–३१ डिसेंबर १८६५). स्वीडिश कादंबरीकर्त्री व स्त्रीहक्कांची पुरस्कर्ती. तत्कालीन स्वीडनच्या राज्यातील ऑबू (आता तुर्कू, फिनलंड) शहराजवळ एका धनिक कुटुंबात जन्म. १८०४ मध्ये कुटुंब स्टॉकहोम येथे स्थायिक झाले. वडिलांच्या कडक शिस्तीत तिचे बालपण गेले. संपन्न घरातील मुलींच्या वाट्यास येणारे निष्क्रिय जीवन तिला असह्य होई. दानधर्मासाठी पैसा मिळावा, म्हणून तिने दैनंदिन जीवनाची शब्दचित्रे लिहिली व निनावी प्रसिद्ध केली (१८२८–३१). त्यांतील ‘एच्’ कुटुंबाच्या कथेने तिला कीर्ती लाभली. १८३१ मध्ये स्वीडिश अकादमीने तिला सुवर्णपदक दिले. ग्रानार्ने (१८३७, म. शी. शेजारी) व हेमेत (१८३९, म. शी. घर) ह्या कौटुंबिक कादंबऱ्यांनी तिला स्वीडनबाहेरही वाचक मिळवून दिले. मेरी हाउइटने केलेले तिचे इंग्रजी अनुवाद विशेष लोकप्रिय झाले. १८४९–५१ ह्या काळात तिने अमेरिकेचा प्रवास केला. तेथील स्त्रियांची स्थिती व गुलामगिरी ह्यांचे निरीक्षण तिने आपल्या प्रवासवर्णनात (१८५३–५४) नोंदविले आहे.

त्या काळी स्वीडनमध्ये अविवाहित स्त्री वयाने कितीही मोठी असली, तरी कायद्याने अज्ञान मानली जाई. तिची मिळकत पुरुष पालकाच्या ताब्यात असे. ह्या पालकत्वातून सुटण्यासाठी स्वतः ब्रेमरला राजाकडे अर्ज करावा लागला होता. हेर्था (१८५६) ह्या कादंबरीत तिने हाच प्रश्न हाताळला. वारशाने आलेला पैसा व विवाहाची संमती ह्या दोहोंसाठी वडिलांवर अवलंबून असलेली नायिका अखेर मुलींच्या शिक्षणास वाहून घेते. प्रचारकी सूर कलादृष्ट्या खटकत असला, तरी ह्या कादंबरीने मोठा वाद निर्माण केला. १८५८ च्या कायद्याने २५ वर्षांवरील अविवाहित स्त्रीस न्यायालयाकडे अर्ज करून सज्ञान ठरण्याचा हक्क मिळाला. १८६३ मध्ये अर्जाची अटही गेली. मात्र विवाहानंतर स्त्री पतीच्या पालकत्वाखाली जाई. ही स्थिती १९२० च्या विवाहविषयक कायद्याने संपुष्टात आली.

स्टॉकहोमजवळील ओर्स्ता येथे ब्रेमर निधन पावली. सोफी आद्‌लेर्‌स्पारे हिच्या पुढाकाराने १८८४ मध्ये ब्रेमरच्या नावे स्त्रीहक्कांसाठी संस्था स्थापन झाली. संस्थेच्या नियतकालिकास १९१४ पासून ‘हेर्था’ हेच नाव देण्यात आले.