पैसा निजामाचा, हुकूम कंपनीचा

हिंगोली जिल्ह्यातल्या शिरड शहापूरचा परिसर अठराव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या अमलाखाली होता. त्या काळातल्या इंग्रजी बळाचा मागोवा इथून घेतला, की ‘अजिंक्य इंग्रज’ ही समजूत टिकत नाही. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी मुंबईकर इंग्रजांच्या फौजेला कोंडून तह करायला लावला. १७८३ मध्ये मराठ्यांच्या आरमाराचे आनंदराव धुळप यांनी ईस्ट इंडिया कंपनीचं ‘रेंजर’ जहाज पाडाव केलं. पण हरल्यावर पुन्हा उभं राहायची ऐपत कंपनीकडे होती. बंगालचा महसूल तिच्या हाती होता, तिथून निघालेली गॉडर्ड या इंग्रज सेनानीची फौज वडगावनंतर लगेच सुरतेला पोचली आणि १७८० च्या डिसेंबरात वसई पडली. कंपनीशी समुद्रावर टक्कर देऊ शकणारं आंग्र्यांचं आरमार मात्र १७५६ मध्येच विजयदुर्गाला जळालं होतं, तेही खुद्द पेशव्यांच्या मदतीने.

कोणी म्हणेल, खरं बळ कवायती पलटणींचं आणि तोफांचं होतं. पण त्या शिंद्यांकडेही होत्या. आज जालना जिल्ह्यात असलेल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीचे दीड हजारांहून अधिक लोक मेले वा जखमी झाले, ते याच तोफांपुढे. मात्र शिंद्यांचे अनेक इंग्रज अधिकारी लढाईआधीच चाकरी सोडून गेले होते. निजामाचीही हीच गत. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांनी त्याला हरवलं तेव्हा इंग्रज तटस्थ राहिले, म्हणून त्याने रेमंड या फ्रेंच सेनानीच्या पलटणी वाढवल्या. ऑक्टोबर १७९८ मध्ये त्या मोडायचा हुकूम निघाला, तेव्हा पगार थकलेले शिपाई आपल्याच अधिकाऱ्यांवर उलटले आणि कंपनीने मोठी लढाई न करता त्यांची हत्यारं काढून घेतली.

कंपनीच्या बळाचं मर्म त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरच्या तैनाती फौजेच्या तहात आहे. सहा पलटणींसाठी निजामाने वर्षाला २४,१७,१०० रुपये द्यायचे होते, फौज मात्र कंपनीच्या हुकमातली. निजामाला संरक्षण हवंच होतं, हा आक्षेप खरा आहे. पण त्याची किंमत चढत गेली. पुढे हिंगोलीला निजामाच्याच खर्चाच्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी पडली आणि त्याच कंटिंजंटच्या थकबाकीपोटी १८५३ मध्ये वऱ्हाड कंपनीकडे गेला. म्हणून मराठवाड्यातल्या शाळांनी खर्ड्याच्या लढाईइतकाच १७९८ चा हा तहही मुलांना समजावून सांगावा.